मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी: कामाच्या इंग्रजीत नेमका शब्द कसा शोधायचा

सातारा जिल्ह्यातल्या गावात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि पदवीनंतर पुण्यात नोकरीला लागले. पहिल्याच वर्षी इंग्लंडमधल्या एका सहकाऱ्यानं कामाचा आराखडा पाठवला. त्यातल्या तीन गोष्टी मला कळल्या नव्हत्या, म्हणून मी लिहिलं, 'आय हॅव सम डाउट्स अबाउट युअर डिझाइन.' उत्तरात त्यानं आपला आराखडा कसा बरोबर आहे याचं लांबलचक समर्थन पाठवलं आणि त्याची प्रत आमच्या दोघांच्या वरिष्ठांना दिली. मी घाबरून गेले. आपलं काय चुकलं हेच समजेना.

वाक्याचं व्याकरण शुद्ध होतं, स्पेलिंग बरोबर होतं. चुकलं होतं ते एका शब्दात. शाळेत बाई धडा संपला की म्हणायच्या, "काही शंका असेल तर विचारा." मराठीत 'शंका' म्हणजे न कळलेली गोष्टही असते आणि संशयही असतो. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत 'डाउट' म्हटलं की फक्त संशय ऐकू येतो. 'तुझ्या आराखड्यावर माझा भरवसा नाही,' असं मी त्याला कळवलं होतं! तिथे 'आय हॅव अ फ्यू क्वेश्चन्स' एवढंच हवं होतं.

त्यानंतर मी अशा जागा वहीत टिपायला लागले. त्याला आता 11 वर्षं झाली. वहीतलं जे नव्यानं नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींना सगळ्यात जास्त उपयोगी पडलं, ते इथे क्रमानं देते आहे.

हाताशी काय काय लागेल

- एक चांगली लर्नर्स डिक्शनरी. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांच्याही इंटरनेटवर मोफत मिळतात. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांसाठीच या लिहिलेल्या असतात. ऑक्सफर्डच्या कोशाचं मूळ काम ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना केलं आणि त्याची पहिली आवृत्ती 1942 साली टोकियोत निघाली. शब्दापुढे कोणतं अव्यय (म्हणजे 'ऑन', 'टू', 'अबाउट' यांसारखा जोडशब्द) येतं, त्याचं अनेकवचन होतं की नाही, हे सगळं या कोशांत सांगितलेलं असतं, कारण आपल्यासारखे विद्यार्थी नेमके तिथेच अडतात.
- एक वही. मोबाइलमधली नोंदही चालेल, पण ती एकाच ठिकाणी असू द्या.
- ज्यांचं इंग्रजी तुम्हाला साधं आणि स्वच्छ वाटतं, अशा एकदोघांचे जुने ईमेल.
- संगणकावर लिहिण्याची भाषा एकदाच ठरवून ठेवा: ब्रिटिश, अमेरिकन किंवा भारतीय. आपल्या शाळेतलं स्पेलिंग ब्रिटिश वळणाचं असतं. अमेरिकन ग्राहकासाठी लिहायचं असेल तर पूर्ण मजकूर अमेरिकन वळणानं लिहा. एका पानात दोन्हींची सरमिसळ नको.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मला फार प्रिय आहे. पण तो 1831चा, त्याची सुधारलेली आवृत्ती 1857ची. जुनं मराठी समजून घ्यायला तो अमूल्य आहे. आजच्या ईमेलसाठी इंग्रजी शब्द मात्र त्यातून उचलू नका.

1. आधी ठरवा: ही चूक आहे, की आपल्याकडची रीत?

'हे इंग्रजी चूक आहे का?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. त्याऐवजी 'हे वाचणाऱ्याला काय वाटेल?' असं विचारा, म्हणजे उत्तर पटकन सापडतं.

'प्रीपोन' घ्या, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं. हा शब्द भारतीय इंग्रजीतला म्हणून मोठ्या कोशांत नोंदलेला आहे. नागपूरहून मुंबईला लिहिताना तो खुशाल वापरा. लंडनच्या माणसाला तो कदाचित कळणारही नाही. 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर देणं, हा अर्थ आपल्याकडे आणि सिंगापूर-मलेशियाकडे रुळला आहे. इतरत्र 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. 'आय पास्ड आउट इन 2014' हे अमेरिकन माणसानं वाचलं तर त्याला वाटेल, तुम्ही बेशुद्ध पडलात. तिथे 'ग्रॅज्युएटेड' लिहा. 'आउट ऑफ स्टेशन'मधलं स्टेशन हे इंग्रजी अमदानीतलं, म्हणजे साहेबाच्या नेमणुकीचं ठिकाण. आज 'आउट ऑफ टाउन' म्हटलेलं सगळ्यांना कळतं.

हे शब्द वापरले म्हणून लाज वाटायचं काहीच कारण नाही. ती आपल्या देशातली इंग्रजी आहे. 'आय डिडन्ट वेन्ट' ही मात्र चूक आहे, कुठेही. हे दोन प्रकार वहीत वेगळे लिहा.

सगळ्यात घातक तो तिसरा प्रकार. मराठीत 'बैठक पुढे ढकलली' म्हणजे उशिरावर नेली. इंग्रजीत 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे अलीकडे आणली. 'पुढे' हा शब्द डोक्यात ठेवून कोणी 'फॉरवर्ड' लिहिलं की समोरचा भलत्याच दिवशी तयार होऊन बसतो. इंग्रजांनाही हा घोळ चुकलेला नाही: 'टेबल' हे क्रियापद ब्रिटनमध्ये 'विषय चर्चेला मांडणे' या अर्थानं चालतं आणि अमेरिकेत 'विषय बाजूला ठेवणे' या अर्थानं. म्हणून वेळ बदलताना क्रियापदावर विसंबू नका. 'द मीटिंग इज नाऊ ऑन 12 मार्च ॲट 4 पीएम' असं सरळ लिहा.

2. मराठीतला एक शब्द इंग्रजीत कुठे फुटतो ते शोधा

वाक्य आधी मनात मराठीतच येणार. येऊ द्या. मग त्यातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द उचलून बघा: याला इंग्रजीत दोन दारं आहेत का?

'पर्यंत' हे त्याचं ठळक उदाहरण. 'शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवते' याचं 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे' असं भाषांतर मी कितीतरी ईमेलमध्ये पाहिलं आहे. त्याचा अर्थ होतो, शुक्रवार उजाडेपर्यंत मी पाठवतच राहीन. इथे 'बाय फ्रायडे' हवं. ओळखायचं कसं? काम चालू राहणार आहे की एकदाच होऊन संपणार आहे, ते स्वतःला विचारा. 'शुक्रवारपर्यंत पुण्यात आहे' यात राहणं चालू आहे, म्हणून 'टिल'. 'शुक्रवारपर्यंत पाठवते' यात पाठवणं एकदाच होणार, म्हणून 'बाय'. आणि 'शुक्रवारपर्यंत येणार नाही' यात न येणं चालू राहतं, म्हणून तिथे 'अंटिल' बरोबर.

'पासून'चंही तसंच. 'सोमवारपासून' म्हणजे 'सिन्स मंडे', कारण तो कालरेषेवरचा एक ठरलेला क्षण आहे. 'पाच वर्षांपासून' म्हणजे 'फॉर फाइव्ह इयर्स', कारण ती लांबी आहे. शिवाय आपण 'पाच वर्षांपासून पुण्यात राहते' असं साध्या वर्तमानकाळात म्हणतो, त्यामुळे 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' असं तोंडात येतं. एका वाक्यात दोन चुका! 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' हे वाक्य पाठच करून टाका.

आणखी काही फुटणारे शब्द: 'उसने' घेतलं तर 'बॉरो', दिलं तर 'लेंड'. झाडाखालची थंड 'सावली' म्हणजे 'शेड', भिंतीवर पडलेली माणसाची 'सावली' म्हणजे 'शॅडो'. 'पाय' घोट्याच्या वर 'लेग' आणि खाली 'फुट'. विम्याच्या दाव्याचा अर्ज भरताना हा फरक पैशांचा ठरतो. पायाचं बोट 'फिंगर' नव्हे, 'टो'. 'काल रात्री' म्हणजे 'लास्ट नाइट', पण काल सकाळी मात्र 'यस्टरडे मॉर्निंग'. 'आज सकाळी' म्हणजे 'धिस मॉर्निंग'.

याच्या उलटही घडतं, आणि ते आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही. पुष्कळ ठिकाणी इंग्रजीतला भेद मराठीत आधीपासून आहे. 'ऐकू येणं' म्हणजे 'हिअर', 'ऐकणं' म्हणजे 'लिसन'. ऑनलाइन मीटिंगमध्ये 'आय कान्ट लिसन यू' म्हणणारे मनात मराठीतच बोलले असते तर चुकले नसते, कारण मराठीत 'मला तुमचं ऐकू येत नाही' असंच म्हणतात. 'दिसणं' म्हणजे 'सी', 'बघणं' म्हणजे 'लुक' किंवा 'वॉच'. 'तुमची स्क्रीन दिसते आहे', म्हणून 'आय कॅन सी युअर स्क्रीन'. 'म्हणणं' म्हणजे 'से', 'सांगणं' म्हणजे 'टेल'. सांगायला समोर माणूस लागतो: 'त्यानं मला सांगितलं', 'ही टोल्ड मी'. 'टोल्ड टू मी' नको. अपवाद असतात, डॉक्टरला दाखवायला जाणं इंग्रजीत 'सी अ डॉक्टर' होतं. पण दहातल्या आठ वेळा मराठी इथे तुम्हाला सुखरूप पोचवते.

3. 'करणे' लावलेल्या क्रियापदांपाशी थांबा

माझ्या वहीतलं हे सगळ्यात मोलाचं पान.

'डिस्कस अबाउट', 'एम्फसाइझ ऑन', 'रिक्वेस्ट फॉर अ लीव्ह', 'डिमांड फॉर मोअर मनी', 'एंटर इन्टू द रूम'. या पाचही चुका आपण वेगवेगळ्या पाठ करतो आणि पुन्हा विसरतो. पण त्यांचं मूळ एकच आहे. मराठीत ही क्रियापदं एकटी नसतात. 'चर्चा करणे', 'भर देणे', 'विनंती करणे', 'मागणी करणे', 'प्रवेश करणे': प्रत्येकात आत एक नाम बसलेलं आहे. त्या नामाला आपण 'च्याविषयी', 'वर', 'ची', 'त' असं काहीतरी जोडतो, आणि ते जोडणंच इंग्रजीत अव्यय होऊन उतरतं.

इंग्रजीतही नाम वापरलं तर अव्यय लागतंच. 'अ डिस्कशन अबाउट सॅलरी', 'एम्फसिस ऑन क्वालिटी', 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह', 'अ डिमांड फॉर मोअर मनी' ही सगळी बरोबर आहेत. क्रियापद वापरलं की मात्र अव्यय गळून पडतं: 'वी डिस्कस्ड सॅलरी', 'ही एम्फसाइज्ड क्वालिटी', 'आय रिक्वेस्टेड लीव्ह', 'दे डिमांडेड मोअर मनी', 'शी एंटर्ड द रूम'. 'आन्सर' आणि 'कॉन्टॅक्ट' हेही याच घरचे: 'ॲन आन्सर टू युअर क्वेश्चन', पण 'आय आन्सर्ड युअर क्वेश्चन'.

एवढं कळल्यावर माझ्या अर्ध्याअधिक अव्ययांच्या चुका गेल्या. तुम्ही हे करा: मनातल्या मराठी वाक्यात नामापुढे 'करणे', 'देणे' किंवा 'घेणे' आलं की थांबा, आणि इंग्रजीत तुम्ही नाम लिहिता आहात की क्रियापद, ते बघा. मग कोशात क्रियापद उघडा. ऑक्सफर्डच्या लर्नर्स कोशात 'डिस्कस'खाली 'अबाउट' लावू नका अशी स्पष्ट सूचनाच दिलेली आहे.

जिथे इंग्रजी शब्दाला अव्यय लागतंच, तिथे आपलं बदला. 'त्याच्यावर रागावले' आहे म्हणून 'ॲन्ग्री ऑन हिम' होत नाही, 'ॲन्ग्री विथ हिम' होतं. 'त्याच्याशी लग्न झालं' आहे तरी 'मॅरिड टू हिम'. 'कोप अप विथ'मधला 'अप' काढा, 'रिटर्न बॅक'मधला 'बॅक' काढा.

4. अ, ॲन आणि द

मराठीत उपपदं नाहीत. त्यामुळे इथे पूर्ण निर्दोष लिहायला वर्षं जातात, आणि त्यात काही कमीपणा नाही. पण दोन युक्त्यांनी बरंच साधतं.

पहिली: नामाआधी मराठीत 'कोणता?' असं विचारा. वाचणाऱ्याला उत्तर माहीत असेल तर 'द'. 'कुठलातरी एक' असं उत्तर असेल तर 'अ'. मोजता न येणारी गोष्ट किंवा सगळ्या जातीबद्दलचं विधान असेल तर काहीच नको. 'आय सेंट यू अ फाइल यस्टरडे. प्लीज चेक द फाइल.' पहिल्यांदा कुठलीतरी, दुसऱ्यांदा तीच.

दुसरी 'अ' आणि 'ॲन'साठी, आणि इथे आपली लिपी इंग्रजी लिपीपेक्षा सरस ठरते. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. अवर, ऑनेस्ट, एमबीए, एचआर मॅनेजर, एसटी बस: सगळ्यांना 'ॲन'. युनिव्हर्सिटी, युरोपियन, यूपीआय पेमेंट, वन-डे मॅच: सगळ्यांना 'अ'. इंग्रजी स्पेलिंग बघणाऱ्यांचा इथे गोंधळ उडतो, कारण नियम उच्चाराचा आहे, आणि देवनागरी उच्चारच लिहिते. एकच सापळा लक्षात ठेवा: वर्ष या अर्थाचा शब्द आपण 'इयर' लिहितो, पण इंग्रजीत त्याची सुरुवात 'य'नं होते. म्हणून 'अ यीअर'. कान या अर्थाचा असेल तर 'ॲन इअर'.

5. ज्यांचं अनेकवचन होत नाही ते शब्द

इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, फीडबॅक, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट, सॉफ्टवेअर, होमवर्क. यांना 'स' लावायचा नाही आणि आधी 'अ' किंवा 'ॲन' लावायचा नाही. मोजायचंच असेल तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'. कोशात नामाशेजारी 'काउंटेबल' की 'अनकाउंटेबल' ते लिहिलेलं असतं. अर्थ वाचण्याआधी तिकडे बघायची सवय लावा.

'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइज' यांतला फरकही कानानं धरा: शेवटी 'स' असेल तर तो सल्ला, 'झ' असेल तर सल्ला देणं.

6. 'च', 'ना' आणि हो-नाही

'मी पुण्यातच आहे' याचं 'आय ॲम इन पुणे ओन्ली' होतं. इंग्रजी माणूस त्याचा अर्थ 'फक्त पुण्यात' असा घेतो आणि बुचकळ्यात पडतो. आपला 'च' बहुतेक वेळा जोर देतो. तो जोर इंग्रजीत आवाजानं येतो, किंवा 'जस्ट', 'राइट हिअर' अशा शब्दांनी. 'कालच पाठवलं' म्हणजे 'आय सेंट इट जस्ट यस्टरडे'. नसेल जमत तर 'च' सोडून द्या, अर्थ सहसा बिघडत नाही.

नकारार्थी प्रश्नाचं उत्तर हा यापेक्षा मोठा धोका. 'फाइल मिळाली नाही का?' याला आपण म्हणतो, 'हो, नाही मिळाली.' इंग्रजीत वस्तुस्थिती नकारार्थी असली की उत्तरही 'नो'नं सुरू होतं: 'नो, आय हॅवन्ट रिसीव्हड इट.' फोनवर नुसतं 'येस' म्हणालात तर समोरचा समजतो, फाइल मिळाली. म्हणून एका शब्दात उत्तर देऊच नका, पूर्ण वाक्य बोला. 'डू यू माइंड?' या प्रश्नात मात्र मराठी मदतीला येते. 'माइंड'च्या जागी 'हरकत' ठेवा. 'काही हरकत आहे का?' 'नाही.' म्हणजे 'नो, नॉट ॲट ऑल.'

7. विनंतीचा सूर

मराठीत 'फाइल पाठवा' म्हटलं तरी आदर राखला जातो. तो क्रियापदाच्या रूपातच असतो. 'सेंड मी द फाइल'मध्ये तो नसतो. 'प्लीज' जोडलं तरी वाक्य हुकमाचंच राहतं. 'कुड यू सेंड मी द फाइल, प्लीज?' असा प्रश्न केला की सूर बसतो.

'डू द नीडफुल' ही आपल्या 'योग्य ती कार्यवाही करावी'ची सख्खी बहीण. जुन्या ब्रिटिश कचेरीतून आलेली. सरकारी पत्रात ती चालते, पण बाहेरच्या ग्राहकाला त्यातून नेमकं काय करायचं ते समजत नाही. काय हवं ते नाव घेऊन सांगा: 'कुड यू अप्रूव्ह द इन्व्हॉइस बाय थर्सडे?'

8. शंका उरलीच तर पडताळा असा घ्या

एकटा शब्द शोधू नका, तीनचार शब्दांचा तुकडा शोधा. तो दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून गुगलवर बघा. येणारी पानं कुठल्या देशातली आहेत तेही बघा. याहून पक्कं हवं असेल तर कॉर्पस आहेत, म्हणजे लोकांनी खरोखर लिहिलेल्या आणि बोललेल्या मजकुराचे साठे. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये 10 कोटी शब्द आहेत. 'ग्लोबल वेब-बेस्ड इंग्लिश' या कॉर्पसमध्ये भारतासह 20 देशांतली इंग्रजी वेगवेगळी बघता येते. 'प्रीपोन' कुठल्या देशात किती वापरतात हे तिथे रांगेनं समोर येतं.

भाषांतर करणाऱ्या साधनांना नुसता शब्द देऊ नका, पूर्ण वाक्य द्या. आणि आलेलं इंग्रजी वाक्य परत मराठीत करून बघा. 'टिल फ्रायडे' आणि 'बाय फ्रायडे' दोन्ही मराठीत 'शुक्रवारपर्यंत'च होऊन येतात, तेव्हा या पडताळणीलाही मर्यादा आहे हे ध्यानात असू द्या. शेवटचा निवाडा कोशातल्या उदाहरणवाक्यावर सोडा.

9. पाठवण्याआधी आकडे बघा

03/04/2025 ही तारीख आपल्यासाठी 3 एप्रिल आहे, अमेरिकेत 4 मार्च. महिना नेहमी अक्षरांत लिहा.

लाख आणि कोटी भारताबाहेर बहुतेकांना कळत नाहीत. 10 लाख म्हणजे 1 मिलियन, 100 कोटी म्हणजे 1 बिलियन. स्वल्पविरामही बदला: आपलं 25,00,000 तिकडे 2,500,000 असं लिहितात. इमारतीचा पत्ता सांगताना आपला पहिला मजला अमेरिकन पाहुण्यासाठी दुसरा असतो, तेव्हा 'वन फ्लोअर अबव्ह द लॉबी' असं लिहून टाका, म्हणजे तो लिफ्टमधून बरोबर मजल्यावर उतरेल.